हिरवे तिथे पाणी? एका जागतिक संशोधनाचे चाकूरहून वाचन

विहिरीची जागा ठरवायची असली की आपल्याकडे अजूनही पाणाड्याला बोलावतात. कुणी तळहातावर नारळ धरतो, कुणी लिंबाची बेचक्याची काडी. पण जाणता पाणाडी आधी शिवारातली झाडे पाहतो. उंबर दिसला की तिथे पाणी उथळ असणार, असा त्याचा होरा असतो. ही समजूत जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचा एक अध्याय आहे. त्यात झाडे आणि वारुळे ही भूजलाच्या खुणा म्हणून सांगितली आहेत.

शाळेत आपण मुलांना वेगळेच वाक्य शिकवतो : झाडे लावा, म्हणजे जमिनीतले पाणी वाढेल. आणि बांधावर निलगिरी लावलेला शेतकरी तिसरेच सांगतो : झाडाने माझ्या विहिरीचे पाणी ओढले. पहिल्या विधानात पाणी हे कारण आणि झाड हा परिणाम. दुसऱ्यात झाड हे कारण आणि वाढलेले पाणी हा परिणाम. तिसऱ्यात झाड हेच कारण, पण परिणाम उलटा. तिन्ही विधाने एकाच गावात, कधी कधी एकाच माणसाच्या तोंडी ऐकू येतात. वर्गात एखाद्या मुलाने 'गुरुजी, यातले खरे कोणते?' असे विचारले, तर काय सांगावे?

या प्रश्नाला जगाच्या नकाशावर उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न २०१७ साली प्रसिद्ध झाला. जर्मनीतील येना येथील माक्स प्लांक जैव-भूरसायनशास्त्र संस्थेतील सुजन कोईराला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स' या नियतकालिकात आला. त्याचा गाभा समजून घेण्यासारखा आहे आणि त्याच्या मर्यादाही. चाकूरसारख्या ठिकाणी उभे राहून तो वाचला, तर त्या मर्यादा अधिक स्पष्ट दिसतात.

निबंधात काय आहे?

वनस्पती प्रकाशसंश्लेषणाच्या साहाय्याने ठराविक काळात, ठराविक क्षेत्रावर हवेतील जेवढा कार्बन बांधून घेतात, त्याला स्थूल प्राथमिक उत्पादकता म्हणतात. कृत्रिम उपग्रहांच्या निरीक्षणांवरून तिचा अंदाज करता येतो. कोईराला आणि सहकाऱ्यांनी ही उत्पादकता एका बाजूला घेतली आणि भूजल पातळीची खोली दुसऱ्या बाजूला. एकाच भागातील जवळजवळची अनेक ठिकाणे घेऊन या दोन राशींमध्ये सहसंबंध आहे का, हे त्यांनी जगभर तपासले.

निष्कर्ष असे : जगातील वनस्पतींनी व्यापलेल्या क्षेत्रापैकी दोन तृतीयांशाहून अधिक भागात वर्षातील निदान एका ऋतूत हा सहसंबंध आढळतो. कोरड्या ते मध्यम पावसाच्या, गवत आणि झुडपांच्या प्रदेशात तो धन आहे, म्हणजे पाणी जितके उथळ तितकी उत्पादकता जास्त. दमट हवामानाच्या जंगलांत तो ऋण आहे, म्हणजे पाणी जितके खोल तितकी उत्पादकता जास्त. याचा अर्थ लेखकांनी असा लावला की, तिथे झाडेच भरपूर पाणी शोषून पातळी खाली नेतात. आणि या दोन उलट संबंधांमागे हवामान किंवा भूपृष्ठाचे गुणधर्म यांपेक्षा वनस्पतींच्या प्रकारातील फरक अधिक महत्त्वाचा आहे.

या कामाचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. 'झाड आणि पाणी यांचा संबंध काय?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. पाणाडी, शाळेतील फळा आणि निलगिरीवाला शेतकरी हे तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. प्रदेश बदलला की संबंधाचे चिन्हच बदलते.

कोणते पाणी मोजले?

आता चाकूरला येऊ. लातूर-नांदेड रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव बालाघाटाच्या पठारावर आहे. खाली बेसाल्ट, त्यावर मुरूम, त्यावर कुठे वीतभर तर कुठे दोन पुरुष काळी माती. पाऊस वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा ही इथली पिके. जिथे विहिरीला किंवा बोअरला पाणी आहे तिथे ऊस. नैसर्गिक वनस्पती पाहायची तर वडवळ नागनाथच्या औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर जावे लागते. बाकी सारे शिवार नांगराखालचे.

निबंधात वापरलेली भूजल पातळी प्रत्येक ठिकाणी विहिरीत टेप सोडून मोजलेली नाही. ती यिंग फॅन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशातून घेतली आहे. त्या नकाशासाठी सोळा लाखांच्या घरात विहिरींच्या नोंदी गोळा केल्या होत्या. पण त्या जगभर सारख्या विखुरलेल्या नव्हत्या, म्हणून मधल्या जागा गणिती प्रतिकृतीने भरल्या. ही प्रतिकृती हवामान, भूरचना आणि समुद्रपातळी यांच्यावरून पाणी निसर्गतः किती खोल असावे ते सांगते. माणसाने केलेला उपसा तिच्यात धरलेला नाही.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. उपग्रहाला एप्रिल महिन्यात चाकूरजवळ एक हिरवागार तुकडा दिसतो. तो ऊस खराच आहे. त्याची उत्पादकता खरीच आहे. पण त्याच्यासमोर मांडलेली भूजल पातळी मोटार नसलेल्या, काल्पनिक शिवाराची आहे. खरा ऊस आणि कल्पित विहीर यांचा सहसंबंध काढला, तर येणारे उत्तर कशाबद्दलचे समजायचे? जंगलासाठी ही पद्धत चालेल, कारण तिथे मुळे पाणी ओढतात. ओलिताच्या शेतात पाणी ओढते ती मोटार, आणि तिला तीनशे फुटांवरचे पाणीही चालते. उसाच्या मुळांना ते कधीच दिसले नसते.

उपसा किती मोठा?

उपसा वगळला तर काय बिघडते, हे साध्या हिशेबाने पाहू. समजा ८०० मिलिमीटर पावसापैकी दहा टक्के, म्हणजे ८० मिलिमीटर पाणी भूजलाला मिळते. झिजलेल्या बेसाल्टमध्ये काढता येण्याजोगे पाणी खडकाच्या आकारमानाच्या सुमारे दोन टक्केच मावते. म्हणून ८० मिलिमीटर पाणी मुरले की पातळी ८० भागिले ०.०२, म्हणजे ४००० मिलिमीटर किंवा चार मीटर चढते. उलट दिशेने, २० मिलिमीटर पाणी उपसले की पातळी एक मीटर उतरते. आपल्या विहिरी दसऱ्याला काठोकाठ आणि होळीला तळाशी का असतात, ते यावरून कळते.

उसाला वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाणी लागते. त्यातले ६०० मिलिमीटर पावसाने भागले असे धरले, तरी १४०० मिलिमीटर जमिनीतून काढावे लागते. म्हणजे एक हेक्टर ऊस सुमारे साडेसतरा हेक्टर जमिनीत मुरलेले पाणी वापरतो. काही पाणी परत मुरते, ठिबकने गरज कमी होते. ते सारे धरून दहा हेक्टर म्हटले तरी प्रमाण ध्यानात येते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोचली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. एक हेक्टर उसासाठी जमिनीतून काढावे लागणारे १४०० मिलिमीटर म्हणजे १ कोटी ४० लाख लिटर, अशा २८ गाड्या. इतकी मोठी राशी ज्या समीकरणात नाही, ते चाकूरच्या शिवाराबद्दल फार थोडे सांगू शकते.

वनस्पती की हवामान?

'हवामानापेक्षा वनस्पतींचा प्रकार महत्त्वाचा' हा निष्कर्षही जपून घ्यायला हवा. वाळवंटात साग नसतो आणि सदाहरित जंगल कोरड्या माळावर नसते. वनस्पती आणि हवामान हे दोन घटक एकमेकांत गुंतलेले असतात, आणि अशा घटकांचे वेगवेगळे श्रेय वाटणे सांख्यिकीत नेहमीच अवघड असते. शिवाय चाकूरला वनस्पतींचा प्रकार निसर्गाने ठरवलेलाच नाही. ८०० मिलिमीटर पावसात एका बांधाच्या अलीकडे तूर आणि पलीकडे ऊस असतो. हवामान तेच. फरक पडला तो साखर कारखाना, वीज, उसाचा भाव आणि मालकाचा निर्णय यांमुळे. तेव्हा इथे 'वनस्पती' या रकान्यात खरे तर अर्थकारण बसलेले आहे.

मातीचेही तसेच. ओढ्याकाठच्या खोलगट भागात पाणी उथळ असते आणि पीकही जोमदार असते. मग उथळ पाण्यामुळे पीक जोमदार आले का? कदाचित. पण त्याच खोलगट भागात काळी मातीही खोल असते, आणि ती पावसाची ओल महिनोन् महिने धरून ठेवते. माळावर माती उथळ आणि पाणीही खोल. माती हे दोहोंमागचे समान कारण असेल, तर भूजलाचा पिकाशी काही संबंध नसतानाही सहसंबंध दिसेल.

आकड्यांची दोन पथ्ये

'निदान एका ऋतूत' या शब्दांकडेही शिक्षकांनी मुलांचे लक्ष वेधावे. पाच टक्क्यांच्या सार्थकता पातळीवर एक चाचणी केली, तर संबंध नसतानाही तो असल्याचा भास होण्याची शक्यता पाच टक्के. पण चार ऋतूंत चार स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एकदा असा भास होण्याची शक्यता साडेअठरा टक्के होते. (०.९५ चा चौथा घात काढा आणि तो १ मधून वजा करा.) दोन तृतीयांश हा आकडा त्याहून खूप मोठा आहे, म्हणून निष्कर्ष कोसळत नाही. पण शेजारशेजारच्या जागा एकमेकींसारख्या असतात. हजार ठिकाणे मोजली म्हणजे हजार स्वतंत्र साक्षी मिळाल्या असे होत नाही. एकाच घरातल्या दहा जणांची साक्ष ही दहा घरांची साक्ष नव्हे.

दुसरे पथ्य असे की, सहसंबंध गुणक सरळ रेषेसारखा, एकाच दिशेने जाणारा संबंध ओळखतो. बुर्किना फासो या आफ्रिकेतील कोरड्या देशात केलेला एक अभ्यास २०१६ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. त्यात असे दिसले की, झाडे अगदी विरळ असली तर भूजलाचे पुनर्भरण कमी, फार दाट असली तरी कमी, आणि मध्यम असली तर सर्वांत जास्त. अशा टेकडीसारख्या आलेखावर सहसंबंध गुणक शून्याजवळही येऊ शकतो. म्हणजे संबंध घट्ट, पण गुणक म्हणतो 'काही नाही'. आलेख काढल्याशिवाय गुणकावर विश्वास ठेवू नये.

शाळेत काय करता येईल?

दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्याच धर्तीवर एका शाळेला आपल्या शिवारात लहानशी चाचणी घेता येईल. विहिरींच्या दहा जोड्या निवडाव्यात. प्रत्येक जोडीतील दोन्ही विहिरी एकाच उतारावर, सारख्या मातीत असाव्यात. एकीभोवती ऊस, दुसरीभोवती सोयाबीन-तूर. ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात, मोटार काही तास बंद असताना, वजन बांधलेला टेप सोडून पातळी मोजावी. मोजणी शिक्षकांनी स्वतः करावी, मुलांना कठड्याशी जाऊ देऊ नये. तुलना पातळीची न करता पातळीतल्या घटीची करावी, कारण मुळात चांगले पाणी असलेल्या विहिरीवरच लोक ऊस लावतात.

दहापैकी नऊ किंवा दहा जोड्यांत उसाजवळची विहीर जास्त उतरली, तर तो योगायोग असेल का? मुलांना दहा नाणी उडवायला सांगावे. नऊ किंवा अधिक छापे पडण्याच्या शक्यता १०२४ पैकी ११ आहेत. चाळीस मुलांनी पंचवीस-पंचवीस वेळा नाणी उडवली, तर हजारात दहा-अकरा वेळा तसे घडताना ती स्वतः पाहतील. आठ किंवा अधिक छापे मात्र १०२४ पैकी ५६ वेळा, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडे जास्त. तेवढ्यावर 'सिद्ध झाले' म्हणू नये. आर. ए. फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची शिस्त घालून दिली. आपल्याला चिठ्ठी टाकून कुणाला ऊस लावायला सांगता येत नाही. म्हणून आपला निष्कर्षही तितक्याच बेताचा असावा.

कोईरालांच्या निबंधाने योग्य प्रश्न विचारला आणि उत्तर प्रदेशागणिक बदलते हे दाखवले. मात्र त्याचा नकाशा चाकूरवर जसाच्या तसा ठेवता येत नाही. इथल्या शिवारात हिरवेपणा ही पाण्याची खूण असेलच असे नाही. ती पाणी संपत आल्याचीही खूण असू शकते. सुरुवातीच्या त्या मुलाला आपण एवढे सांगू शकतो : कोणते झाड, कोणती माती आणि पाणी कोण ओढते आहे, हे आधी पाहा. मग टेप घे आणि मोज.