भाषांतरे पुष्कळ, टीका थोडी

मराठीत बायबल मिळत नाही, अशी तक्रार आज कोणाला करता येणार नाही. विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली मराठी नवा करार बाहेर पडला. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या खटपटीतून 1847 साली संपूर्ण बायबल वाचकांच्या हाती आले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले. अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने हा ग्रंथ ख्रिस्ती समाजाबाहेरच्या वाचकांपर्यंतही नेला. दोनशे वर्षांत आपण हा ग्रंथ पुन्हा पुन्हा मराठीत आणला. पण तो वाचताना साध्या वाचकाला जिथे ठेच लागते, तिथे हात द्यायला काय ठेवले? मराठी बायबल-वाङ्मयाचा खरा तुटवडा भाषांतराचा नाही, टीकेचा आहे. ज्या भाषेने भावार्थदीपिकेसारखी टीका आपल्या वाङ्मयाच्या माथ्यावर मिरवली, तिच्यात हा तुटवडा असावा, हे नवलच. त्याची कारणे मात्र शोधली तर सापडतात.

आरंभ तर उलटाच होता. मराठीत बायबल आले ते आधी टीका म्हणून, भाषांतर नंतर झाले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइत 1579 साली गोव्यात उतरला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले. दोन भागांत मिळून दहा हजारांवर ओव्या असलेल्या या ग्रंथात मूळ वचनांचा शब्दशः तर्जुमा शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. स्टीफन्स कथा निवडतो, जोडतो, तिच्यातले कोडे उकलतो आणि ऐकणाऱ्याला पडणारा प्रश्न आधीच ओळखून त्याचे उत्तर देतो. जुनी पुराणे हातून काढून घेतलीत, आता आम्हांला वाचायला दुसरे पुराण द्या, अशी मागणी एक ब्राह्मण श्रोता करतो आणि ग्रंथाचे प्रयोजनच त्या मागणीतून उभे राहते. लोकांना कळावे म्हणून आपण मराठीत इथल्या बोलीचे सोपे शब्द मिसळले, हेही तो सांगतो. पुढे एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच जेजुइताने संत पीटरवर असेच ओवीबद्ध पुराण रचले. सामान्य श्रोता समोर धरून अर्थ लावण्याची कला गोव्यात चारशे वर्षांपूर्वी इतकी पिकलेली होती.

ती पुढे वाढली नाही, कारण भाषाच तोडली गेली. 1684 साली व्हाइसरॉयने लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. बोलणे काही हुकमाने थांबत नाही. पण चर्चच्या आश्रयाने होणारे देशी लेखन आटले. क्रिस्तपुराण टिकले ते नकलांतून आणि मंगळूरकडे गेलेल्या गोंयकारांच्या गाण्यातून. 1907 साली ते पुन्हा छापले गेले तेही मंगळुरात, रोमी लिपीत. देवनागरी आवृत्तीसाठी 1956 साल उजाडावे लागले; ती पुण्याच्या शांताराम बंडेलूंनी काढली. यात भूगोलाचा एक विचित्र खेळ आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीजांकडे आले. त्यामुळे लाटंबार्से ते पेडणे या पट्ट्यात देवळातले पुराण, भजन आणि पोथीवाचन यांची मराठी परंपरा अखंड राहिली. पण तिथे ख्रिस्ती वस्ती थोडी. जिथे ख्रिस्ती वस्ती दाट, त्या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधीच घेतलेल्या मुलखात, मराठी पुराणाचा धागा तुटलेला. बायबलची टीका जिथे रुजायची, तिथली मातीच अशी दोन वाटण्यांत गेली.

महाराष्ट्रातले कारण वेगळे आहे. 1804 साली लंडनला स्थापन झालेल्या बायबल सोसायटीचा नियमच असा होता की, ग्रंथ छापायचा तो टीप किंवा टीका न जोडता. प्रॉटेस्टंट पंथोपपंथांत भांडणे होऊ नयेत म्हणून तो केला होता आणि त्यामुळेच स्वस्त बायबल घरोघर पोहोचले, हे मान्य केले पाहिजे. पण इंग्रज वाचकाच्या हाताशी टीकाग्रंथांचे कपाट होते. मराठी वाचकाला नुसती संहिता मिळाली. बाबा पदमनजींनी नव्या करारावर टीका लिहून ही उणीव ओळखली, पण त्यांच्या मागून चालणारे थोडे निघाले. प्रतिभावंत वळले ते काव्याकडे: ना. वा. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ते भक्तीचे काम आहे, उकल करणाऱ्या टीकेची गरज त्याने भागत नाही. कॅथलिकांचा नियम याच्या उलट: त्यांच्या 1983च्या धर्मसंहितेनुसार लोकभाषेतल्या बायबलला पुरेशा स्पष्टीकरणाची जोड हवीच. नियम चांगला आहे. पण पानाच्या तळाशी दिलेल्या चार ओळी म्हणजे टीका नव्हे.

टीका नसली की काय होते, ते यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायावरून पाहावे. देवाने तुमच्यासाठी भल्याची योजना आखली आहे, अशा अर्थाचे त्यातले अकरावे वचन दिनदर्शिकांवर, वर्षारंभी काढायच्या वचनांच्या चिठ्ठ्यांवर, परीक्षेच्या आणि लग्नाच्या शुभेच्छापत्रांवर छापलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, यंदा काम होणार. पण मूळ मजकूर हे एक पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेले. तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, शत्रूच्या त्या शहराचेच भले मागा, असे त्यात सांगितले आहे. सुटका सत्तर वर्षांनी. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक लोक ती पाहायला जगणारच नव्हते. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे ठीक होईल म्हणतो आणि खोटा ठरतो. झटपट आशेवर विसंबू नका म्हणून लिहिलेले वचन आपण झटपट आशेची चिठ्ठी म्हणून काढतो. शेजारचे दहावे वचन वाचायची सवय असती, तर हा घोटाळा झाला नसता.

यावर पहिला आक्षेप भाविकाचा असतो: देवाचे वचन सरळ आहे, आत्मा शिकवतो, मध्ये पंडित कशाला? पण बायबल स्वतःच याची साक्ष देत नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांसमोर ग्रंथ वाचला जातो आणि लेवी त्याचा अर्थ समजावत जातात. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी, कोणी सांगितल्यावाचून कळणार कसे, असे उघड विचारतो. दुसरा आक्षेप अधिकाराचा: अर्थ लावणे पाद्रीचे काम, लोकांनी ऐकावे. त्यालाही त्याच पुस्तकात उत्तर आहे. बिरुयाचे लोक प्रत्यक्ष पौलाचे बोलणे ग्रंथ उघडून ताडून पाहत आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे. शिवाय 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बायबलचे दार सर्व श्रद्धावंतांना उघडे हवे असे ठरवले. दार उघडून आत दिवा न लावणे हे अर्धेच काम झाले.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे: इंग्रजीत टीका रगड आहे, मोबाइलवर प्रवचने आहेत, मग मूठभर मराठी वाचकांसाठी नवा खटाटोप का? कारण टीका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देते आणि प्रश्न गावागणिक बदलतो. परदेशी टीकाकार खळे, पाखडणे, सरवा वेचणे यांवर पानेच्या पाने खर्च करतो. डिचोलीच्या शेतकऱ्याला रूथच्या कथेतला सरवा कोणी समजावायला नको. त्याला सांगावे लागेल ते मवाबी बाईविषयी इस्राएलात असलेल्या अढीबद्दल. उलट, मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नावर पौलाने करिंथकरांना लिहिलेले अध्याय पश्चिमेच्या टीकाकाराला प्राचीन इतिहास वाटतात. चवथीला शेजारच्या हिंदू घरातून नेवऱ्या येतात आणि नाताळाला इथून दोदोल तिकडे जाते, अशा गावात तो आजचा सवाल आहे. खावे म्हणणारा एक ओळ दाखवतो, खाऊ नये म्हणणारा दुसरी. आठवा ते दहावा हे तीन अध्याय सलग वाचले की दिसते, पौल मंदिरातली पंगत, बाजारातली खरेदी आणि शेजाऱ्याच्या घरचे जेवण यांत फरक करतो आणि शेवटचा निकाल पदार्थावरून न लावता दुसऱ्याच्या मनाला ठेच लागते का यावरून लावतो. हे इथल्या वाचकाला कोण सांगणार? लंडनचा टीकाकार नाही.

गोव्यात लिपीची अडचण याहून वेगळी आहे. चर्चचा व्यवहार रोमी कोंकणीत चालतो आणि 2006 साली आलेले ‘पवित्र पुस्तक’ही रोमीत आहे, डिचोली-पेडण्यात मात्र प्राथमिक शाळेतले मूल देवनागरीवर वाढते, पुष्कळदा मराठीतून. बाजारातले देवनागरी बायबल घ्यावे, तर प्रॉटेस्टंट आवृत्तीत सहासष्ट पुस्तके आणि कॅथलिक यादीत त्र्याहत्तर. सात पुस्तके कुठे गेली, हेही वाचकाला कोणी सांगत नाही. लिपीचा हा प्रश्न भाषिक अस्मितेच्या आखाड्यात नेल्यास आणखी चाळीस वर्षे जातील. टीका ज्या लिपीत वाचक वाचतो त्या लिपीत लिहावी, एवढे व्यवहारी धोरण पुरे.

म्हणून आणखी एका भाषांतराचा संकल्प आता कोणी करू नये. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची शुभवर्तमाने तीन वर्षांच्या चक्राने वाचली जातात: मत्तय, मार्क, लूक. दर वर्षी एका शुभवर्तमानावर, इथल्या माणसाचे प्रश्न समोर ठेवून लिहिलेली एक मराठी टीका निघाली तर तीन वर्षांत पाया पडेल. सुरुवात मार्कपासून करावी. ते सर्वांत लहान आहे, सोळाच अध्यायांचे. लिहिणारे पाद्री असोत की प्रॉटेस्टंट पाळक, पण त्यांनी रविवारी ऐकून घरी जाणाऱ्या माणसाला शंका विचारू द्यावी आणि ती शंकाही पुस्तकात छापावी. स्टीफन्सने ती 1616 साली छापली होती.