तुरुंगवाङ्मयातले रिकामे घर

मराठीतले तुरुंगवाङ्मय समृद्ध आहे, ह्याविषयी दुमत नसावे. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली प्रसिद्ध झाली. विनोबांची गीता-प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली. कोठडीने इतके दिले म्हणून तुरुंग ही तपोभूमीच, अशी आपल्या वाचकाची समजूत होऊन बसली आहे. माझा आक्षेप ग्रंथांवर नाही, ह्या समजुतीवर आहे.

ह्या लेखकांनी तुरुंग पत्करला होता आणि बाहेर त्यांची वाट पाहणारा समाज होता. साधा कैदी ह्या वाङ्मयात भेटत नाही असे नाही; ‘जन्मठेपे’त तर तो पुष्कळदा भेटतो. पण त्याच्या घरची चूल कशी पेटते, इकडे लेखणी क्वचितच वळते.

मी धारणीस मास्तरकी करतो. येथून अमरावतीचे मध्यवर्ती कारागृह घाट ओलांडून सुमारे दीडशे किलोमीटर. कोरकू मजूर बाईने नवऱ्याला भेटायचे म्हणजे दोन दिवसांची रोजी बुडवायची. पोरे कोणापाशी ठेवायची, हा प्रश्न निराळाच. जामीन मंजूर झाला तरी ऐपतीचा जामीनदार लागतो. ज्याच्या गोतावळ्यात कोणाच्याच नावे सातबारा नाही, तो आतच राहतो. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत व्हायचा होता असे. शंभरांच्या जागेत एकशे एकतीस माणसे कोंडली, की क्षयासारखा रोग फैलावतो आणि सुटलेल्या माणसाबरोबर घरीही येतो. आत जातही सुटत नाही: तुरुंगातली कामे जातीवरून वाटून देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी!

म्हणून लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) मला मोलाचे वाटते. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो रद्द झाला, पण पोलिसांची नजर बदलली नाही. ‘उचल्या’त शिक्षा एका माणसाला होत नाही, साऱ्या बिऱ्हाडाला होते. मात्र येथेही बोलतो तो शाळेमुळे बाहेर पडलेला मुलगा. मागे राहिलेल्या बायकांचे पुस्तक अजून व्हायचेच आहे.

ते करुणेने भिजलेले असू नये. त्यात हिशेब असावा: बुडालेल्या मजुरीचा, वकिलाच्या फीचा, गहाण पडलेल्या बैलाचा. आईच कैदेत असेल तर मुलाला सहा वर्षांचे होईतो तिच्याजवळ राहता येते. पुढे त्याला बाहेर यावे लागते. नेमके शाळेत नाव घालण्याचे ते वय. ह्या मुलाला हजेरीपटावर जागा मिळते. आम्हा कादंबरीकारांनी त्याला अजून ती द्यायची आहे.