अकावीर: ड्रॅगन नसलेली ड्रॅगनभूमी

एखाद्या देशाचं नावच 'ड्रॅगनभूमी' असेल, तर तिथे निदान एखादा तरी खरा ड्रॅगन असावा, ही अपेक्षा काही जास्त नाही. आज आपण ज्या खंडाबद्दल बोलणार आहोत, तिथे तीसुद्धा पुरी होत नाही. हा खंड म्हणजे अकावीर. 'द एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेमच्या मालिकेत तो आहे, म्हणजे आहे असं सांगितलं जातं. 1994 च्या 'अरीना'पासून 2011 च्या 'स्कायरिम'पर्यंत पाचही मुख्य गेम टॅम्रिएल नावाच्या खंडात घडतात. अकावीर पूर्वेच्या समुद्रापलीकडे. आजवर एकाही गेमनं खेळाडूला तिथे पाय ठेवू दिलेला नाही.

मग आपल्याला अकावीर कळतं कुठून? पुस्तकांतून. ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. या मालिकेत घराघरांतल्या कपाटांत, गुहांत, प्रेतांच्या पिशव्यांत पुस्तकं सापडतात आणि ती खरंच उघडून वाचता येतात. प्रत्येक पुस्तक त्या जगातल्याच कुणीतरी लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला स्वतःचा देश असतो, स्वतःचे राग-लोभ असतात. म्हणून इथे 'काय लिहिलंय' याच्या आधी 'कुणी लिहिलंय' हे विचारायचं. आम्हाला हे गेम साहित्य म्हणून वाचण्याजोगे वाटतात ते यासाठीच.

अकावीरबद्दलचं मुख्य पुस्तक जेमतेम दोन-तीन पानांचं आहे आणि त्यावर लेखकाचं नाव नाही. त्यात चार देश सांगितलेत. त्साएस्की हे रक्तपिपासू सर्पजन. टांग मो हे हजार बेटांवरचे माकडजन. शूर, साधे, आणि त्यातले बरेचसे वेडे, असं लेखकाचं मत. कमाल म्हणजे बर्फाचा नरक (आपल्या कानाला हे नाव भलतंच गमतीचं लागतं). तिथले राक्षस दर उन्हाळ्यात वितळून बाहेर येतात आणि माकडांवर चाल करून जातात. आणि चौथे का पो' तुन, व्याघ्रजन. पूर्वी अकावीरमध्ये माणसंही होती, पण त्साएस्कींनी ती सगळी खाऊन टाकली.

आता ड्रॅगनांचं काय झालं ते ऐका. सर्पजनांनी लाल ड्रॅगनांना गुलाम केलं. काळे ड्रॅगन पळून व्याघ्रजनांच्या आश्रयाला गेले. मोठं युद्ध झालं, साप आणि वाघ दोघेही थकले, आणि ड्रॅगन सगळे मेले. तेव्हापासून व्याघ्रजन स्वतःच ड्रॅगन व्हायचा प्रयत्न करताहेत. तोश राका नावाच्या त्यांच्या राजाला ते पहिल्यांदा जमलं. आज तो जगातला सर्वांत मोठा ड्रॅगन आहे, अंगावर नारिंगी-काळे पट्टे असलेला.

म्हणजे ड्रॅगनांच्या माहेरी उरलेला एकमेव ड्रॅगन हा मुळात वाघ आहे. आम्हाला ही कल्पना अव्वल वाटते. ज्याला आसरा दिला तो वाचला नाही, तर आसरा देणाऱ्यानं त्याचंच रूप घेतलं. यात दुःख आहे, हाव आहे, आणि थोडी भक्तीही आहे. यावर अख्खा गेम उभा राहिला असता. मालिकेनं त्याला चार ओळी दिल्या आणि पुढे गेली.

इथे एक जुनी आठवण काढायला हवी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या राजदरबारी होता. त्यानं भारतावर पुस्तक लिहिलं. भारतात तो कधी आला नव्हता. दरबारात कानावर आलं ते त्यानं लिहिलं. त्यात कुत्र्याच्या डोक्याची माणसं आहेत, एकाच पायाची माणसं आहेत, माणसाच्या तोंडाचा नरभक्षक प्राणी आहे. त्याच्या थोडा आधी हिरोडोटसनं आपल्याकडच्या वाळवंटात कोल्ह्याहून मोठ्या, सोनं उकरणाऱ्या मुंग्या दाखवल्या होत्या. तेव्हा अकावीरचं ते पुस्तक वाचताना आम्ही लेखकाच्या बाजूला बसून वाचू शकत नाही. आम्ही त्या पुस्तकातल्या बेटांवरचे आहोत.

गेमचे चाहते यावर एक उत्तर देतात, आणि ते बिनबुडाचं नाही. ते म्हणतात, लेखक अविश्वसनीय आहे हे तर गेमच सुचवतो. 'खाल्लं' हा शब्द अक्षरशः घेऊ नका. शहरानं गावं गिळली असं आपण म्हणतो, तसं त्साएस्कींनी माणसांना आपल्यात मिसळून घेतलं असेल. त्साएस्की खरोखर साप की माणसं, यावर गेममधल्या लेखकांचंही एकमत नाही. ठीक. पण अविश्वसनीय साक्षीदाराला किंमत येते ती दुसरा साक्षीदार उभा राहिल्यावर, आणि ते कसं करायचं हे या मालिकेला उत्तम येतं. 2002 चा 'मोरोविंड' बघा. नेरेवार या सेनापतीचा मृत्यू कसा झाला, याच्या तिथे तीन-चार हकिकती आहेत. मंदिराची एक, भटक्या टोळ्यांची दुसरी, खलनायकाची तिसरी. आणि देव होऊन बसलेला विवेक स्वतः वेगळंच सांगतो. खेळाडू त्यांच्यामध्ये उभा राहून ठरवतो. अकावीरच्या वाट्याला ही उलटतपासणी आलेली नाही. तिथे एकाच बाजूचे कागद आहेत.

आणि अकावीर काही फक्त दूरचं नव्हतं. पहिल्या युगाच्या 2703 साली अकावीरी फौज टॅम्रिएलवर उतरली. पेल पास या खिंडीत रेमान सिरोडीलनं तिला अडवलं. कथा अशी की त्याचा आवाज ऐकताच ते सैनिक गुडघे टेकून बसले. ड्रॅगनचं रक्त असलेला जो पुरुष ते शोधत होते, तो त्यांना तिथे सापडला. पुढे तेच त्याचे अंगरक्षक झाले, ड्रॅगनगार्ड. 'ऑब्लिव्हियन' आणि 'स्कायरिम'मध्ये भेटणारे ब्लेड्स हे त्यांचेच वारस. रेमानचा वंश संपला तेव्हा साम्राज्य अकावीरी पोटेन्टेटच्या हाती गेलं आणि 400 वर्षांहून अधिक काळ राहिलं. फायटर्स गिल्डची सुरुवात त्यांच्याच कारकिर्दीतली. खेळाडू गिल्डमध्ये नाव घालतो, कमरेला कटाना लटकवतो आणि अकावीरच्या वारशावर जगतो. एवढ्या वर्षांत एकाही राज्यकर्त्यानं आपल्या देशाबद्दल चार पानं लिहिली नसतील? कपाटात तरी नाहीत. अकावीरकडून तलवार घेतली, कायदे घेतले, अंगरक्षक घेतले. गोष्ट घेतली नाही.

उलट दिशेनं मोहीम निघते तेव्हा मात्र कागदपत्रांना तोटा नाही. सम्राट उरिएल पाचवा वाटेतली बेटं जिंकत तिसऱ्या युगाच्या 288 साली अकावीरला उतरला आणि 290 साली आयोनिथला मारला गेला. त्यावर चौकशी समितीचा अहवाल आहे, आणि तो सरकारी गद्याचा अस्सल नमुना आहे. शत्रू समोर येऊन लढला नाही, रसद तुटली, हवामान फिरलं, सम्राट माघारीची पिछाडी सांभाळताना पडला. हवामानाची नोंद आहे, जहाजांची आहे. त्या शहरात आधी कोण राहत होतं, याबद्दल समितीला कुतूहल नाही. आम्हाला हा अहवाल त्या 'रहस्यमय' पुस्तकापेक्षा जास्त खरा वाटतो, कारण त्यातलं अज्ञान सोंग आणत नाही. चार प्राण्यांची जत्रा भरवण्यापेक्षा कोरडी गप्प बसणारी फाइल बरी.

अकावीरी माणसाचे स्वतःचे शब्द म्हणून ठळकपणे हाती येतात ते 2006 च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये. ब्रूमाची काउंटेस अकावीरी वस्तूंची संग्राहक आहे. तिला खिंडीतल्या जुन्या तळावरचा एक ताईत हवा असतो. ती आपल्याला नकाशा देते, आणि एका अकावीरी जासुदाच्या रोजनिशीचं भाषांतर देते. म्हणजे अखेर एक आवाज! पण त्या रोजनिशीचा खेळातला उपयोग काय? अमुक खडकापासून पश्चिमेला वळा, तमुक पुतळ्यापासून उत्तरेला. मेलेल्या परदेशी शिपायाची डायरी हा खजिन्याच्या वाटेवरचा पत्ता होतो.

तरी तळावर पोचल्यावर त्या लेखकांनी एक गोष्ट फार चांगली केली आहे. तिथले सैनिक मेलेत पण गेलेले नाहीत. शतकानुशतकं ते त्याच जासुदाची वाट बघताहेत. त्यांचा सेनापती आपल्यालाच जासूद समजतो आणि निरोप मागतो. वाटेत सापडलेले हुकूम त्याच्या हातात दिले की तो सुटतो. तलवार उपसावी लागत नाही. आम्ही इथे थांबलो होतो. ज्या खंडाबद्दल सगळे बोलतात, त्याच्याशी इथे पहिल्यांदा कुणीतरी देवाणघेवाण करतं, तीही त्याचंच पत्र त्याला पोचवून. मग भिंत उघडते, ताईत घ्यायचा, काउंटेसला द्यायचा, बक्षिसाची अंगठी घालायची.

मालिकेच्या सहाव्या भागाची घोषणा 2018 मध्ये झाली. तेव्हापासून 'एकदा तरी अकावीर दाखवा' ही मागणी जोरात आहे. आमचा तिला पाठिंबा नाही. आजच्या भांडवलावर दाखवलं तर माकडं, साप, वाघ आणि कटाना, एवढंच मोठ्या पडद्यावर येईल. त्यापेक्षा मागणी लहान असावी. टॅम्रिएलच्याच एखाद्या कपाटात का पो' तुनच्या कुणा मध्यम बुद्धीच्या कारकुनानं लिहिलेलं एक पुस्तक ठेवा. विषय: समुद्रापलीकडचा टॅम्रिएल नावाचा विचित्र देश. त्यात नॉर्ड लोक अस्वलं असू देत, एल्फ झाडावर उगवू देत, आणि गेल्या वेळी आलेल्या त्या उपाशी सम्राटाबद्दल एखादी ओळ असू दे. आणि ड्रॅगनांबद्दल, ते कसे मेले याबद्दल, त्यांच्या शेजाऱ्यांनी लिहिलेलं एक पान.