बाण कोणी काढला?

समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांच्या रक्तपेशींवरचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे शोधनिबंध वाचायला घ्या, एक आकृती हमखास भेटते. डावीकडे साधी गोल पेशी, उजवीकडे कणांनी गच्च भरलेली पेशी, मध्ये बाण. म्हणजे हिची पुढे ती होते. माझ्या पहिल्या प्रस्तावात मी असाच बाण बिनधास्त उतरवला होता. गाइडनी एवढंच विचारलं, "हा कशावरून?" उत्तर नव्हतं.

फोटो सूक्ष्मदर्शकाने दिलेत, बाण मात्र लेखकाने काढलाय. फोटोसाठी पेशी आधी मारावी लागते. मेलेली पेशी पुढे काय झाली असती, हे फोटो कसा सांगणार?

या निबंधांचं मोल कमी नाही. भरपूर मोकळे रायबोसोम आणि ठळक केंद्रकी दिसली, तर पेशी कोवळी असावी असं म्हणायला आधार मिळतो. पण कोवळी कोणाची, हे त्यातून ठरत नाही.

शिवाय काप जेमतेम ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचा असतो आणि पेशी असते काही मायक्रोमीटरची. असिडियन या खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यांतली 'सिग्नेट रिंग' पेशी घ्या. मध्ये मोठी रिक्तिका, केंद्रक कडेला ढकललेलं. काप केंद्रकाला चुकवून गेला, तर तीच पेशी वेगळी 'अवस्था' वाटू शकते.

पेशीची ओळखही चुकते. १९११ मध्ये मार्टिन हेन्झे यांना नेपल्सला असिडियनच्या रक्तात व्हॅनेडियम सापडलं. पुढे कित्येक दशकं ते 'मोरुला' पेशींत असतं असं धरलं गेलं, मुख्यतः त्यांच्या हिरवट रंगावरून. १९८० च्या दशकात हितोशी मिचिबाता यांच्या गटाने पेशी घनतेनुसार वेगळ्या करून व्हॅनेडियम मोजलं. ते निघालं सिग्नेट रिंग पेशींत! आता रंगावर विसंबून कोणी बाण काढला असेल, तर त्याचं काय?

बाणाला पुरावा लागतो तो काळाचा. विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत ट्रिटियमयुक्त थायमिडिन घालायचं आणि ती खूण दिवसागणिक कोणत्या पेशींत दिसते ते बघायचं. मग फोटोंचा क्रम नुसता अंदाज राहत नाही.

म्हणून पुढचा निबंध वाचताना पेन्सिल घ्या आणि प्रत्येक बाणाशेजारी लिहा: पाहिलेलं की मानलेलं? स्वतःच्या प्रस्तावातल्या बाणांपासून सुरुवात केलीत तर उत्तमच.