प्लॅस्टिक वस्तूंचा आराखडा आणि पुनर्चक्रीकरण : एक चिकित्सा

प्लॅस्टिक कचऱ्याची चर्चा बहुधा कचराकुंडीपासून सुरू होते. वस्तुतः वस्तूचे भवितव्य तिच्या आराखड्यातच ठरलेले असते. पेट बाटली हे याचे बोलके उदाहरण होय. पेट पाण्याहून जड (घनता सुमारे १.३८), तर झाकणाचे पॉलिप्रॉपिलीन हलके (सुमारे ०.९) असते. त्यामुळे बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकताच झाकणाचे तुकडे तरंगतात आणि पेट तळाशी जाते. मात्र त्याच बाटलीवर पीव्हीसीचे आवरण चढविले, की ही सोपी विभागणी फसते. कारण पीव्हीसीही बुडते, आणि पेट वितळविताना त्यातून सुटणारे आम्ल सारा माल बिघडविते. जपानमधील उत्पादकांनी १९९२ मध्येच आराखड्याचे नियम स्वतःवर घालून घेतले आणि पुढे रंगीत बाटल्याही वर्ज्य ठरविल्या.

आपल्याकडील शाम्पूच्या पुडीत मात्र पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम व पॉलिथिलीन यांचे थर एकमेकांना चिकटविलेले असतात. भंगारवाला ती उचलत नाही, यातच सारे आले. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत पुनर्चक्रीकरण न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करण्याची तरतूद होती. २०१८ च्या दुरुस्तीने तीत ऊर्जाप्राप्ती आणि पर्यायी उपयोग यांची पळवाट ठेवली. सिमेंटच्या भट्टीत जळणारी पुडीही मग नियमात बसते! अशा स्थितीत थर कमी करण्याची निकड उत्पादकाला भासावी कशी? २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुस्तरीय वेष्टनासाठी २०२४-२५ पासून किमान ३० टक्के पुनर्चक्रीकरणाचे लक्ष्य घालून दिले. पुडीत किती थर असावेत, हा निर्णय मात्र उत्पादकाच्याच हाती राहिला.