न झालेल्या लढतींचा हिशेब

२० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतल्या शेकडो चित्रपटगृहांत एक मुष्टियुद्ध दाखवले गेले. एका बाजूला मुहम्मद अली, दुसऱ्या बाजूला रॉकी मार्सियानो. तोवर दोघांपैकी कुणीही एकही व्यावसायिक लढत हरलेला नव्हता. मार्सियानोने १९५६ मध्ये ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्ती घेतली, तेव्हा अली चौदा वर्षांचा होता. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा तर मार्सियानो हयातही नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ला विमान अपघातात तो गेला. त्याच्या थोडे आधी दोघांनी मायामीत कॅमेऱ्यासमोर ठरवून गुद्दागुद्दी केली होती. अनेक शेवट चित्रित करून ठेवले होते आणि त्यांतला खरा कोणता, हे म्हणे संगणकाने ठरवले. तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला. संगणक तोच, लढत तीच, प्रेक्षक वेगळे.

निर्माता मरे वोरोनर याने त्याआधी, १९६७ मध्ये, रेडिओवर सर्वकालीन हेवीवेट विजेत्यांची अशीच संगणकी स्पर्धा घेतली होती. तिच्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला आणि संतापून त्याने दहा लाख डॉलरचा दावा लावला. त्या संतापाला एक बाजू आहे, ती पुढे येईल.

हे सगळे आज पोरखेळ वाटते. पण थोर हेवीवेट मुष्टियोद्ध्यांच्या क्रमवाऱ्या आजही निघतात, चवीने वाचल्या जातात आणि त्यांवरून मैत्र्या तुटतात. मी स्वतः कधी हातमोजे घातलेले नाहीत, क्रीडा-इतिहास कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे, लढतींच्या नोंदी आणि चित्रफिती एवढेच माझे भांडवल. त्या भांडवलावर माझे मत असे बनले आहे की, काल्पनिक लढतींवर उभ्या असतात म्हणून या याद्या बिघडत नाहीत. ज्या लढती खरोखर होऊ शकत होत्या आणि होऊ दिल्या गेल्या नाहीत, त्यांचा हिशेब त्यांत कुणी मांडत नाही, म्हणून त्या बिघडतात.

सगळ्यांत वजनदार यादी नॅट फ्लायशरची. १९२२ साली सुरू झालेल्या ‘द रिंग’ मासिकाचा हा संस्थापक-संपादक, मुष्टियुद्धाचा चालताबोलता कोश. त्याचा क्रम असा: जॅक जॉन्सन, जिम जेफ्रीज, बॉब फिट्झसिमन्स, जॅक डेम्प्सी, जेम्स कॉर्बेट, जो लुईस, सॅम लँगफोर्ड, जीन टनी, मॅक्स श्मेलिंग आणि दहावा मार्सियानो. फ्लायशर १९७२ मध्ये वारला. म्हणजे अलीची पहिली कारकीर्द, त्याची बंदी, त्याचे पुनरागमन हे सारे त्याने पाहिले होते. तरी पहिल्या दहांत अली नाही. ज्याने बारा वर्षे विजेतेपद राखले आणि पंचवीस वेळा ते यशस्वीपणे लढवले, तो लुईस सहावा; आणि जेमतेम ७६ किलोंचा फिट्झसिमन्स तिसरा. फ्लायशरचा जन्म १८८७चा. त्याच्या पहिल्या पाचांपैकी प्रत्येक जण त्याची स्वतःची चाळिशी येण्याआधीच विजेतेपदावरून उतरलेला होता. आपल्याकडे म्हातारे लोक बालगंधर्वांबद्दल बोलतात तसाच हा प्रकार. त्याची थट्टा करायची नाही, कारण त्याने पाहिले ते आपण पाहिलेले नाही. पण ही यादी वाचताना यादीकाराची जन्मतारीख शेजारी ठेवलेली बरी.

‘कोण कुणाला हरवेल’ या प्रश्नाचा निकाल तर एकाच काळातल्या चौघांनी लावून ठेवला आहे. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. मार्च १९७४ मध्ये काराकासला केन नॉर्टनचीही दोनच फेऱ्यांत वाट लावली. फ्रेझर आणि नॉर्टन हे दोघेही अलीला हरवून बसलेले. मग कागदावर फोरमनपुढे अली टिकायचा कसा? ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत आडवे केले. फोरमन फ्रेझरहून सरस, फ्रेझर अलीच्या तोडीचा, अली फोरमनहून सरस! हयात असलेल्या, एकाच वजनगटातल्या, एकमेकांशी प्रत्यक्ष लढलेल्या माणसांची जिथे सरळ उतरंड लागत नाही, तिथे १९०८च्या माणसाला १९८८च्या माणसापुढे उभे करून निकाल सांगणाऱ्याला मी ज्योतिषी म्हणतो.

मापांचे प्रश्न खरे आहेत, पण त्यांत फार अडकू नये. हेवीवेटला वरची वजनमर्यादाच नाही, त्यामुळे हा गट काळाबरोबर फुगत गेला. मार्सियानो सुमारे ८४ किलोंचा होता. आजच्या नियमांत तो हेवीवेट ठरलाच नसता, एक पायरी खाली गेला असता. आणि तरीही डिसेंबर २०२४ मध्ये ओलेक्सांद्र उसिकने स्वतःपेक्षा पन्नासहून अधिक पौंडांनी जड असलेल्या टायसन फ्युरीला दुसऱ्यांदा हरवले, तेव्हा वजनाचा युक्तिवादही पूर्ण धावत नाही. फेऱ्यांचेही तसेच. १८८९ मध्ये सलिव्हन आणि किल्रेन उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले. पुढे पंधरा फेऱ्या रूढ झाल्या आणि १९८२ मध्ये कोरियाच्या किम दुक-कूचा लढतीनंतर मृत्यू झाल्यावर त्या बारांवर आल्या. डेम्प्सीने १९१९ मध्ये विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले ते बहुतेक वेळा उठणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभे राहून. आज पंच त्याला कोपऱ्यात धाडेल.

पुराव्याकडे मात्र नीट पाहायला हवे. जुन्या मूकचित्रफिती हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यांच्या. नंतरच्या यंत्रांवर त्या भरभर पळतात आणि जेफ्रीजसारखा माणूस विनोदी दिसू लागतो. तरुण प्रेक्षक हसतात आणि क्रमवारीत त्याला खाली ढकलतात. दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. १९११ ते १९१७ तिथल्या कायद्याने लढतीचा गुणांवर निकाल द्यायला बंदी होती. कुणी आडवा पडला नाही तर अधिकृत निकालच नाही. जिंकले कोण हे दुसऱ्या दिवशी वार्ताहर लिहीत, आणि दोन वृत्तपत्रे दोन विजेते छापत. त्या काळातल्या योद्ध्याच्या जय-पराजयांचे आकडे म्हणूनच प्रत्येक पुस्तकात वेगळे. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी. ४ जुलै १९१० रोजी रिनो येथे कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनने, निवृत्तीतून खास ओढून आणलेल्या गोऱ्या जेफ्रीजला पंधराव्या फेरीत संपवले. अमेरिकेत दंगली उसळल्या, माणसे मेली. १९१२ मध्ये काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच बंदी घातली. ती १९४०पर्यंत टिकली.

इथून माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या वहीत विजेत्यांच्या नावांसमोर एक रकाना आहे: त्याच्या काळातला कोण त्याच्याशी लढू शकला नाही, आणि का. पहिला मोठा विजेता जॉन सलिव्हन कृष्णवर्णीयांशी लढायला नकार देई. सेंट क्रॉय बेटावर जन्मलेला पीटर जॅक्सन १८९१ मध्ये कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला आणि लढत निकालाविना थांबवली गेली. पुढच्याच वर्षी सलिव्हनशी लढायची संधी मिळाली ती कॉर्बेटला, आणि विजेताही तोच झाला. जेफ्रीजने विजेता असताना जॉन्सनला हात लावू दिला नाही. संगणकाने अलीला ज्याच्याकडून हरवले, तो हा जेफ्रीज. अली त्या वेळी व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिल्याबद्दल बंदी भोगत होता.

जॉन्सनने टॉमी बर्न्सचा जगभर पाठलाग केला आणि २६ डिसेंबर १९०८ला सिडनीत विजेतेपद मिळवले. मग त्याने काय केले? सॅम लँगफोर्डला टाळले. नोव्हा स्कोशियाच्या वेमथ फॉल्सचा लँगफोर्ड जेमतेम पाच फूट सात इंचांचा. १९०६ मध्ये जॉन्सनने त्याला गुणांवर हरवले होते, पण तेव्हा लँगफोर्ड त्याच्याहून बराच हलका होता; पुढे तो भरला, पिकला आणि जॉन्सनने पुन्हा त्याच्यासमोर पाय ठेवला नाही. जॉन्सनची बाजूही समजते. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला गोरा प्रेक्षक पैसे देत नव्हता, आणि जॉन्सनच्या मागे सरकार हात धुऊन लागले होते. पण सर्वकालीन पहिला क्रमांक मागणाऱ्याला ही सवलत मी देऊ शकत नाही.

लँगफोर्डच्या वाट्याला उरले ते त्याच्यासारखेच दाराबाहेर ठेवलेले लोक. जो जेनेट, सॅम मॅकव्हे, हॅरी विल्स यांच्याशी तो प्रत्येकी डझनभराहून अधिक वेळा लढला. हेच चौघे एकमेकांना आलटून पालटून मारत राहिले, कारण पोट भरायचे तर दुसरे कुणी समोर येत नव्हते. क्रमवारी लावणारे विद्वान लँगफोर्डच्या पराभवांची संख्या पाहून मान हलवतात. मार्सियानोला विल्स पंधरा वेळा भेटला असता तर त्याचा शून्य किती दिवस टिकला असता?

विल्सचे प्रकरण डेम्प्सीच्या नावावर आहे. डेम्प्सी १९१९ ते १९२६ विजेता होता. विल्सशी लढतीची बोलणी झाली, करारावर सह्यासुद्धा झाल्या, लढत झाली नाही. न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध आयोगाने ‘विल्सशी लढ’ असा आग्रह धरला, तेव्हा डेम्प्सी–टनी लढत फिलाडेल्फियाला हलवली गेली. १९२३च्या सप्टेंबरपासून १९२६च्या सप्टेंबरपर्यंत तीन वर्षे डेम्प्सीने विजेतेपद पणालाच लावले नाही. दोष एकट्या डेम्प्सीचा नसेल. प्रवर्तक टेक्स रिकार्डने रिनोच्या लढतीत स्वतः पंच म्हणून काम केले होते आणि तिच्यानंतरचे रक्त पाहिले होते. कारण काहीही असो, १९१५ मध्ये जॉन्सन हरला तेव्हापासून १९३७ मध्ये लुईस जिंकेपर्यंत विलार्ड ते ब्रॅडॉक असे आठ गोरे विजेते झाले, आणि बावीस वर्षांत एकाही कृष्णवर्णीयाला विजेतेपदाची लढत मिळाली नव्हती. या आठांपैकी कुणालाही ‘जगज्जेता’ म्हणताना मी तो शब्द अर्धाच उच्चारतो.

माझी फुटपट्टी त्यामुळे साधी आहे: समोर येण्याजोगा कोण होता आणि तू त्याला सामोरा गेलास का? तिच्यावर अली पहिला येतो. लिस्टन, पॅटरसन, फ्रेझर, नॉर्टन, फोरमन, लाइल, शेव्हर्स. त्याने दार कुणालाच लावले नाही, आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षे गमावून हे केले. १९७६ची नॉर्टनशी तिसरी लढत तो खरोखर जिंकला का याबद्दल मला शंका आहे, पण तिसऱ्यांदा तो समोर उभा राहिला. दुसरा लुईस. त्याचे बरेच प्रतिस्पर्धी किरकोळ होते हे खरे. पण श्मेलिंगकडून १९३६ मध्ये हरल्यावर त्याने दोन वर्षांत त्यालाच गाठून १२४ सेकंदांत संपवले, आणि जॉन हेन्री लुईस, वॉलकॉट अशा कृष्णवर्णीय आव्हानवीरांनाही रिंगणात घेतले. मार्सियानोचा शून्य देखणा आहे, पण लुईस त्याला भेटला तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि वॉलकॉट ३८ वर्षांचा. होम्स, फोरमन, लेनॉक्स लुईस यांची आपसांतली जागा कशीही लावा, माझा आग्रह नाही. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकलेला क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन व्यावसायिक रिंगणात उतरलाच नाही. त्याचे दार वेगळ्या राजकारणाने बंद झाले, आणि तो या वहीतला स्वतंत्र अध्याय आहे.

तिसरा क्रमांक मी लँगफोर्डला देतो. विजेतेपदासाठी एकदाही न लढलेल्या माणसाला तिसरा क्रमांक देणे अनेकांना खपणार नाही. फ्लायशर मात्र त्याला सातवा देऊन गेला आहे, ही त्या हट्टी म्हाताऱ्याची सर्वांत मोठी गोष्ट. लँगफोर्डच्या फार थोड्या लढती चित्रफितीवर उरल्या आहेत. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, १९२३ मध्ये त्याने मेक्सिकोचे हेवीवेट विजेतेपद जिंकले. १९४४ मध्ये एका न्यूयॉर्कच्या वार्ताहराला तो हार्लेममधल्या एका खोलीत सापडला, पूर्ण आंधळा आणि कफल्लक. बातमी छापून आल्यावर लोकांनी वर्गणी काढली. पुढे बारा वर्षे, १९५६पर्यंत, तो जगला.