मंडळी, करार आणि वर्तमान : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पारमार्थिक व ऐहिक संभाषणाचा समतोल

१

कोणताही धर्मसमाज केवळ उपासनेपुरता एकत्र येत नाही. उपासना आटोपल्यावर माणसे मंदिराच्या दाराशी थांबतात, पीकपाण्याची, लग्नकार्याची, आजाऱ्यांची विचारपूस करतात आणि मग आपापल्या घरी जातात. आतले बोलणे परमार्थाचे व बाहेरचे प्रपंचाचे, असा भेद वरवर पाहणाऱ्याला सहज करता येतो. परंतु समाजाचे जीवन ह्या दोन्ही बोलण्यांवर उभे असते. पहिल्याने दुसऱ्याला गिळून टाकले, तर समाजाचा मठ होतो. दुसऱ्याने पहिल्याला गिळले, तर त्या समाजाची केवळ आणखी एक जात होते. जुन्या धर्मसमाजांत हा समतोल परंपरेने राखलेला असतो. कीर्तन, पुराणश्रवण, सणवार, जत्रा ह्यांत परमार्थ आणि विरंगुळा एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की त्यांना वेगळे करण्याची गरजच भासत नाही. नव्याने घडणाऱ्या धर्मसमाजाची स्थिती निराळी असते. धर्मांतराबरोबर जुनी उपासना सुटते, आणि त्याबरोबर जुना विरंगुळाही सुटतो. नवी उपासना तयार मिळते. नवा विरंगुळा मात्र तयार मिळत नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार बहुधा धर्मप्रचार आणि समाजसुधारणा ह्या दोन अंगांनी होतो. दोन्ही अंगे महत्त्वाची खरीच. तथापि एका समाजाचे संभाषण म्हणून हे वाङ्मय वाचले असता त्यातील एक मूलभूत धडपड नजरेस येते. देवाविषयी आणि डाळतांदळाविषयी एकाच तोंडाने, एकाच भाषेत कसे बोलावे, ही ती धडपड होय.

२

ही धडपड फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून दिसते. राचोल येथे १६१६ साली छापलेल्या ह्या ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीपुढे अशी अडचण मांडतो, की जुनी पुराणे आता वर्ज्य झाली, तेव्हा त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण द्यावे. ही मागणी धर्मतत्त्वांची नाही. तत्त्वे तर शिकवली जातच होती. मागणी आहे ती ऐकण्याजोग्या, वेळ सत्कारणी लावणाऱ्या कथेची. स्टीफन्स ह्यांनी दोन गरजांसाठी दोन भाषारूपे योजिली, ही गोष्ट भाषाभ्यासकाला विशेष अर्थपूर्ण वाटावी. त्यांची ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली प्रसिद्ध झाली, ती कोंकणी गद्यात आहे. 'ख्रिस्तपुराण' आहे ते मराठी ओवीत. पाठ करण्यासाठी एक आणि रमण्यासाठी दुसरे, अशी ही वाटणी होय. ज्या ओवीत मराठी श्रोता शतकानुशतके रमत आला, तीच ओवी त्यांनी उचलली. समतोलाचा प्रश्न त्यांनी छंदाच्या पातळीवर सोडवला, असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न गद्यापुढे उभा राहिला. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) 'ज्ञानोदय' सुरू केले. त्यात बायबलचे विवेचन आणि मंडळ्यांच्या हकीकती होत्या, तसेच भूगोल, खगोल, सृष्टिविज्ञान आणि देशोदेशीच्या बातम्याही होत्या. पत्राचे नावच दुहेरी अर्थाचे आहे : उदय कोणत्या ज्ञानाचा, ह्याचे उत्तर वाचकाने आपापल्या परीने द्यावे. पण पत्रातील ही दोन ज्ञाने एकमेकांत मिसळत नाहीत, ती शेजारी शेजारी बसतात. ग्रहणाच्या कारणांचे विवेचन धर्मखंडनाच्या सेवेला जुंपले जाते, किंवा ते एका निराळ्या रकान्यात स्वतंत्रपणे उभे राहते. वर्तमानपत्राच्या रचनेत हे अपरिहार्यच होते. समतोल साधला गेला, तो जागेच्या वाटणीने.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) ही वाटणी कथेच्या अंगात शिरते. यमुना आणि विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांच्या दुःखाच्या कहाण्या त्यांच्या कानी येतात, आणि प्रत्येक कहाणीनंतर विचाराला व उपदेशाला वाट मिळते. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. ह्या कृतीची सामाजिक कळकळ निःसंशय आहे. तथापि तिच्यातील संभाषणे कान देऊन ऐकली, तर असे जाणवते की पात्रे दुःखाविषयी बोलताना माणसे असतात आणि धर्माविषयी बोलू लागली की ग्रंथ होतात. ऐहिक बोलणे पारमार्थिक बोलण्याची प्रस्तावना म्हणून येते. प्रस्तावना संपली, की ते निरोप घेते.

३

ह्या पार्श्वभूमीवर मराठी ख्रिस्ती समाजाच्या धार्मिक शब्दसंग्रहाकडे पाहणे उद्बोधक ठरते. भक्ती, कृपा, आत्मा हे शब्द संतवाङ्मयाने घडवलेले, म्हणजे आधीच परमार्थात मुरलेले होते. परंतु ह्या समाजाच्या उपासनेतील काही अगदी मध्यवर्ती शब्द निराळ्या ठिकाणांहून आले आहेत. उपासकांचा समुदाय म्हणजे 'मंडळी'; आणि 'घरची मंडळी' म्हणजे कुटुंबातली माणसे. बायबलचा उत्तरार्ध म्हणजे 'नवा करार'. आणि करार जमिनीचा होतो, सालदाराचा होतो. पापातून सुटका म्हणजे 'तारण'. आणि कर्ज काढताना सावकाराकडे ठेवावे लागते तेही तारणच. श्रद्धेची कबुली म्हणजे 'साक्ष'. ती कचेरीतही द्यावी लागते. आणि ख्रिस्ताची वार्ता म्हणजे 'शुभवर्तमान'; ह्यातल्या 'वर्तमाना'तूनच वर्तमानपत्र निघाले. घर, शेत, पेढी, कचेरी आणि बाजार ह्या पाच ठिकाणांहून शब्द उचलून परमार्थाला दिलेले आहेत.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकेल, की ही केवळ अनेकार्थता आहे. 'तारण' म्हणताना उपासकाला सावकार आठवत नाही आणि सावकाराला ख्रिस्त आठवत नाही. आक्षेप रास्त आहे. प्रयोगाच्या संदर्भाने अर्थ वेगळे होतात आणि वापराने त्यांच्यामधली वाट बुजत जाते. परंतु समतोलाचा प्रश्न नेमका इथेच आहे. ही वाट बुजली, की धार्मिक शब्द पारिभाषिक होतो. तो अचूक राहतो, पण त्याचा घराशी संबंध तुटतो. मग समाजाची एक रविवारची भाषा बनते आणि एक उरलेल्या सहा दिवसांची. शेजारच्या अन्यधर्मीय माणसाला पहिली कळत नाही. आणि पुढे पुढे ती समाजातल्या मुलाबाळांनाही केवळ पाठ म्हणून येते. म्हणून नव्या धर्मसमाजाला अशा वाङ्मयाची गरज असते, की जे ह्या वाटेवरून रोज ये-जा करील आणि तिच्यावर गवत वाढू देणार नाही.

४

असे वाङ्मय लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मकथनाच्या रूपाने १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही काळ त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे नगरास आल्या, तरी आरंभी आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. ह्या चरित्रक्रमाची माहिती मराठी वाचकाला असतेच. येथे प्रश्न आहे तो कथनाच्या भाषेचा.

पहिली लक्षणीय गोष्ट अशी, की धर्मांतराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या जीवनासाठी लक्ष्मीबाई दोन भाषा वापरीत नाहीत. माहेरच्या घरात वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याने घरच्यांचे जे हाल झाले, त्यांची हकीकत त्या ज्या मिस्कील स्वरात सांगतात, त्याच स्वरात टिळकांच्या उदारपणाने आणि वैराग्याने संसाराची जी ओढाताण झाली, तिचीही सांगतात. वरवर पाहता एकीकडे जुन्या धर्माचे कर्मठपण आहे आणि दुसरीकडे नव्या धर्माचा त्याग आहे. परंतु कथन करणारी दृष्टी दोहोंतील साम्य अचूक पकडते. वडिलांच्या घरी धर्माने धान्य, वस्त्र, स्पर्श सर्व व्यापून टाकले होते, आणि प्रपंचाला स्वतःचे बोलणे उरले नव्हते. टिळकांच्या घरीही परमार्थाची लाट आली, की महिन्याचा हिशेब तिच्याखाली बुडून जाई. दोन्ही ठिकाणी हसू उमटते, ते गृहिणीचे. त्या हसण्यात कोणत्याही धर्माचा अधिक्षेप नाही. संसाराला विसरणाऱ्या धर्माला संसाराने करून दिलेली ती आठवण आहे.

दुसरी गोष्ट खुद्द मतपरिवर्तनाच्या प्रसंगाची. धर्मांतरितांच्या आत्मकथनांत ह्या ठिकाणी बहुधा ग्रंथवाचन, वादविवाद किंवा साक्षात्कार येतो, आणि भाषा एकदम उंच चढते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो जातिभेदाविषयीचा एक साधा विचार : माणूस देवाने निर्माण केला, जात माणसाने. आणि ह्या विचाराचा निष्कर्ष त्या सिद्धान्ताच्या रूपाने मांडीत नाहीत. कोणाच्या हातचे खावे-प्यावे, ह्या निश्चयाच्या रूपाने मांडतात. आयुष्यातले सर्वांत मोठे पारमार्थिक स्थित्यंतर स्वयंपाकघराच्या शब्दांत सांगितले गेले आहे. येथे ऐहिक बोलणे पारमार्थिकाची प्रस्तावना नाही. तेच त्याचा आशय आहे. 'यमुनापर्यटना'त जे दोन पायऱ्यांवर उभे होते, ते येथे एका वाक्यात आले.

तिसरी गोष्ट संबोधनाची. पतीचा उल्लेख लक्ष्मीबाई सर्वत्र 'टिळक' असा करतात. जुन्या चालीप्रमाणे त्या नाव टाळीत नाहीत, आणि त्यांच्या धर्मपदाचा मानही नावामागे लावीत नाहीत. ह्या एका शब्दामुळे टिळक पती, कवी, उपदेशक आणि घरातला लहरी माणूस अशा सर्व भूमिकांत एकच व्यक्ती राहतात. त्यांच्या घराचे स्वरूपही असेच होते. ठोंबरे, म्हणजे बालकवी, काही काळ ह्या ख्रिस्ती कुटुंबात राहिले, ते बाप्तिस्म्याच्या हेतूने नव्हे. कविता हा त्या घरातला दोन्ही दारे उघडी ठेवणारा विषय होता. स्वतः टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग जवळ केला आणि फुलांमुलांवरही लिहिले. १९१७ साली त्यांनी सुरू केलेल्या 'देवाचा दरबार' ह्या उपक्रमात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावून घेण्याची कल्पना होती. जे टिळकांनी संस्थेच्या रूपाने योजिले, ते लक्ष्मीबाईंच्या गद्यात न योजिता घडले.

५

ह्या गद्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. पारमार्थिक अनुभवाविषयी लक्ष्मीबाई फार थोडे बोलतात. प्रार्थनेतील एकांत, शंकेची रात्र, श्रद्धेचा ताण ह्यांचे दर्शन शोधणाऱ्या वाचकाला हे कथन कित्येकदा दारातूनच परत पाठवते. ह्यावरून त्यांची श्रद्धा उथळ होती, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, ही गोष्ट त्या निष्कर्षाच्या विरुद्ध साक्ष देते. परमार्थासाठी त्यांनी ओवी राखून ठेवली आणि गद्य संसाराला दिले, असे फार तर म्हणता येईल. आणि तसे म्हटले, तर स्टीफन्स ह्यांची जुनी वाटणी काही अंशी येथेही टिकून आहे, हे मान्य करावे लागेल.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, आणि ती एकट्या लक्ष्मीबाईंची नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग खेड्यापाड्यांतील, महार-मांग समाजांतून आलेला होता. मंदिराच्या दाराशी थांबून जे संभाषण होई, त्यात बहुसंख्य आवाज त्यांचे होते. छापील वाङ्मयात मात्र बोलतात ते मुख्यतः मिशनरी आणि शिकलेले, पुष्कळदा उच्चवर्णीय धर्मांतरित. ज्यांच्या बोलीत 'करार' आणि 'तारण' हे शब्द खरोखरच शेताच्या व कर्जाच्या जाचासकट जिवंत होते, त्यांच्या तोंडून त्या शब्दांचा पारमार्थिक अर्थ कसा उमटत होता, ह्याचे उत्तर केवळ पुस्तके चाळून मिळणार नाही. त्यासाठी गावोगावच्या मंडळ्यांतील बोलीचा, गाण्यांचा आणि वृद्धांच्या आठवणींचा संग्रह झाला पाहिजे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे, असे हे काम आहे. आणि बोलणारी पिढी मावळण्यापूर्वी ते झाले पाहिजे.

तोवर 'स्मृतिचित्रे' ह्या कृतीने दिलेला निकष अभ्यासकाला पुरेसा मार्गदर्शक आहे. धर्मसमाजातील समतोल किती वेळ परमार्थाला आणि किती वेळ प्रपंचाला दिला, ह्या मापाने मोजता येत नाही. देवाविषयी बोलताना भाषेला घरातले कपडे बदलावे लागतात काय, आणि घराविषयी बोलताना तिला देवाची लाज वाटते काय, हे दोन प्रश्न विचारावेत. दोहोंचे उत्तर नकारार्थी आले, तर ती मंडळी दोन्ही अर्थांनी मंडळी आहे, असे समजावे.